उतार

माझ्या गाडीला किक नाही.
शोरूमवाला म्हणाला होता, आता कोण मारतं किक, ताई,
आणि मीही मान डोलावली होती,
जणू पायाने काही सुरू करायची वेळ
आयुष्यात पुन्हा येणारच नव्हती.

पहाटे पावणेसहा. धनकवडी.
बटण दाबलं, आतून एकच आवाज: कट्.
पुन्हा दाबलं. कट्.
कुणीतरी दाराशी येऊन, भोकातून बघून,
कडी न काढताच परत गेल्यासारखं.

मी घरोघर जाऊन रक्त काढते. उपाशीपोटीचं.
गोखलेनगरचे ताम्हनकर चहाचं आधण ठेवून बसलेले असतात,
सहा वाजून दहा मिनिटांनी दार उघडतात
आणि माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघतात.
त्यांना काय सांगू? कट्?

सगळे म्हणाले, बॅटरी.
बॅटरी बदलली. अठराशे रुपये.
चार दिवस शहाण्यासारखी चालली,
मग इंजिन तापलं की पुन्हा तेच.

तेव्हा मी उतार शिकले.
सेनापती बापट रस्ता: चांगला.
बिबवेवाडी, गंगाधामच्या बाजूने: उत्तम, पण खाली सिग्नल.
लक्ष्मी रोड परातीसारखा सपाट,
तिथले पेशंट मी सुनंदाला देऊन टाकले.
दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडी घरंगळू द्यायची,
कानाला वारा लागला की क्लच सोडायचा.
एक हिसका, आणि पोटातून उठलेला आवाज.
वीस वर्षं या शहरात राहून
मला ते सपाटच वाटत होतं.

नाना पेठेत शकूर मिस्त्रींचं दुकान
दीड मोटारसायकल मावेल एवढं.
त्यांनी बटणाला हात लावला नाही. आधी विचारलं,
थंड असताना होते? तापल्यावर नाही?
आधी अधूनमधून, आता रोज?
हे सगळं मी पेशंटला विचारते, त्याच सुरात.
मग मीटरच्या दोन सुया बॅटरीवर: साडेबारा.
रिलेवर. मोटरच्या बोल्टवर. मला म्हणाले, दाबा.
"करंट दारापर्यंत येतोय. आतलं कुणी घेत नाही."
दंड बांधलेला, शीर टरारलेली, सुई आत
आणि नळीत एक थेंब नाही,
तेव्हा माझा चेहरा कसा होतो ते मला त्यांच्याकडे बघून कळलं.

स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने
त्यांनी मोटरच्या पाठीवर दोनदा ठोकलं. दाबा.
गाडी सुरू!
मी हसले, ते नाही हसले.
"ठोकून चालते म्हणजे ब्रश संपले."

मोटर उघडली तेव्हा मिसरीसारखी काळी पूड
वर्तमानपत्राच्या पानावर सांडली, लग्नाच्या जाहिरातींवर.
भुईमुगाएवढे असायचे ब्रश
तुरीच्या डाळीएवढे उरलेले,
मागची स्प्रिंग त्यांना ढकलून ढकलून थकलेली.
समाधान नावाचा पोरगा बारीक पॉलिशपेपर लावून
आर्मेचर बोटांत फिरवत बसला,
तुटक्या करवतीच्या पात्याने खाचांतली काजळी उकरत,
तोंडाने कुठलंतरी गाणं, सूर नसलेलं.
हळूहळू तांबं वर आलं, दिवाळीला घासलेल्या बंबाचं.
मी विचारलं, इतकं कसं झिजलं?
"ब्रश झिजण्यासाठीच असतो. तो नाही झिजला तर मोटर झिजेल."
आणि चहाचा ग्लास पुढे सरकवला. मी उपाशी नव्हते, घेतला.

सगळे मिळून सहाशे चाळीस. वरचे चाळीस सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाच अठ्ठावन्नला ताम्हनकरांनी दार उघडलं,
म्हणाले, आज लवकर?
आधण अजून ठेवायचं होतं.

खाली आले तर गाडी उभी,
नेहमीसारखी, तोंड उताराकडे करून.
कुणी लावली अशी? मीच.
तिच्या दुखण्याला उतार पडला आहे.
मला मात्र अजून
उतार लागतो.